सहीच्या आधीचे चौदा दिवस

अकोल्याच्या गोरक्षण रोडवर किंवा अमरावतीच्या राजापेठेत आज ज्या पाट्या झळकतात, त्यातली बरीच नावे पुण्या-मुंबईची किंवा दिल्लीची असतात. चहा, पिझ्झा, चष्मे, बालवाडी, रक्ततपासणी, ‘नीट’ची शिकवणी, सगळे त्यात आले. पाटीवरचे नाव बाहेरचे असले तरी गाळ्याचे भाडे, फर्निचर, यंत्रे, डिपॉझिट आणि वेळ आली तर तोटा हे सारे इथल्या माणसाचे. निवृत्तीची रक्कम, समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला, घर तारण ठेवून काढलेले कर्ज असा पैसा या धंद्यात उतरतो. स्वतःचा धंदा उभा करण्यापेक्षा नावाजलेल्या ब्रँडची फ्रँचायझी घेणे सुरक्षित, असा एकूण समज आहे. काही वेळा तो खराही ठरतो. चांगली कंपनी, चांगली जागा आणि गल्ल्यावर स्वतः बसणारा मालक असा योग जुळला की धंदा चालतो. प्रश्न न चाललेल्या दुकानांचा आहे. अशा दुकानाचे शटर खाली ओढल्यावर त्याचा मालक वकिलाकडे जातो, वकील करार वाचतो, आणि बहुतेक उत्तरे सहीच्या दिवशीच ठरून गेली होती हे तेव्हा कळते.

भारतात फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही, हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक लेखात येते. ते खरे आहे, पण त्याने चित्र पुरते कळत नाही. आपल्या कायद्याला फ्रँचायझी चांगली ठाऊक आहे. 2003 मध्ये फ्रँचायझी सेवेवर सेवाकर बसवायचा होता तेव्हा 1994 च्या वित्त कायद्यात तिची व्याख्या घातली गेली. त्याच वर्षीच्या वीज कायद्याच्या कलम 2(27) मध्ये वीजवितरणाच्या फ्रँचायझीची व्याख्या आहे. 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात ‘व्यावसायिक वाद’ कोणते याची यादी दिली आहे आणि तीत फ्रँचायझी करारांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कर घ्यायचा असेल, सरकारी वीज कंपनीला आपले काम दुसऱ्याकडे सोपवायचे असेल किंवा भांडण कोर्टात आले असेल, तर कायदा फ्रँचायझीला नावानिशी ओळखतो. पैसे भरून सही करण्यापूर्वी समोरच्याला काय सांगितले पाहिजे, एवढ्या एकाच ठिकाणी तो गप्प आहे. माझ्या मते या क्षेत्रातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच मौनात आहे. करार मोडल्यानंतरचा कायदा आपल्याकडे बऱ्यापैकी तयार आहे. कमी आहे ती करार होण्याआधीच्या कायद्याची.

आधी करार कसा असतो ते पाहू. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर आणि त्यामागे तीस-चाळीस इंग्रजी पाने. मुदत साधारण तीन ते पाच वर्षे. प्रवेश शुल्क परत न मिळणारे. सजावट कंपनीच्या नकाशाप्रमाणे आणि बहुधा कंपनीने सांगितलेल्या ठेकेदाराकडूनच. कच्चा माल कंपनीकडून, कंपनी ठरवेल त्या भावाने. याशिवाय रॉयल्टी आणि जाहिरात निधी. रॉयल्टी नफ्यावर नसते, विक्रीवर असते, आणि सगळी गोम इथेच आहे. हिशेबापुरते एक खाण्याचे दुकान धरू. महिन्याची विक्री 4 लाख, मालाचा खर्च विक्रीच्या 45 टक्के, आणि भाडे, पगार, वीज मिळून सव्वा लाख. रॉयल्टी 6 टक्के म्हणजे 24 हजार, जाहिरात निधी 2 टक्के म्हणजे 8 हजार. या 32 हजारांवर 18 टक्के जीएसटी 5,760. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या उपाहारगृहाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तेही मालकाच्याच अंगावर. सगळे वजा जाता हाती 57,240 रुपये राहतात आणि त्यातून कर्जाचा हप्ता द्यायचा. पहिल्या सहा महिन्यांची नवलाई ओसरली आणि विक्री अडीच लाखांवर आली की तोच हिशेब 11,100 रुपये तोट्याचा होतो. त्या महिन्यातही कंपनीला रॉयल्टी आणि जाहिरात निधीचे मिळून 20 हजार पोचलेले असतात, मालावरचा नफा वेगळा. कराराचे एकही कलम न मोडता एकाचा धंदा बुडत राहतो आणि दुसऱ्याची मिळकत चालू राहते. यात फसवणूक नाही. रचनाच तशी आहे. म्हणूनच सही करणाऱ्याला हा हिशेब आधी दिसायला हवा.

वऱ्हाडाला दुसऱ्याच्या वतीने धंदा करणे काही नवे नाही. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात अडत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अडत्या मालकाच्या वतीने व्यवहार करतो, कमिशन घेतो, आणि मालाच्या किमतीची जोखीम त्याची नसते. 1872 च्या भारतीय करार कायद्याने अशा अभिकर्त्याला थोडे संरक्षणही दिले आहे. ठरलेली मुदत संपण्याआधी पुरेशा कारणाशिवाय काढले तर कलम 205 प्रमाणे भरपाई आणि कलम 206 प्रमाणे वाजवी नोटीस. फ्रँचायझी घेणाऱ्याला हे संरक्षण मिळू नये याची तजवीज कराराच्या पहिल्या पानांतच असते: उभय पक्ष स्वतंत्र व्यापारी आहेत, त्यांच्यात मालक-अभिकर्त्याचे नाते नाही. नोकर म्हणावे तर भविष्यनिर्वाह निधी नाही, अभिकर्ता म्हणावे तर कलम 205 नाही, स्वतंत्र व्यापारी म्हणावे तर ताटात काय वाढायचे आणि भिंतीला कुठला रंग द्यायचा हेही ठरवता येत नाही. ग्राहक आयोगाचे दारही बहुधा बंदच. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यासाठी जी सवलत होती ती 2019 च्या कायद्याच्या शब्दांत वस्तूंपुरतीच उरली, सेवा तीतून गळल्या.

कोर्टांनी या नात्याकडे कसे पाहिले? करार चालू असतानाचा काळ घेतला तर पारडे कंपनीकडे झुकलेले आहे. आधारभूत निकाल 1995 चा, गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पार्लेची पेये कोका कोलाने घेतली आणि ती बाटल्यांत भरणारे कारखाने तिचे फ्रँचायझी झाले. गुजरात बॉटलिंगचे भागभांडवल पेप्सीच्या हाती गेल्यावर वाद पेटला. करार चालू असेपर्यंत दुसऱ्या कंपनीची पेये हाताळायची नाहीत, असे कलम होते. व्यापारावरचे निर्बंध निरर्थक ठरवणाऱ्या करार कायद्याच्या कलम 27 च्या ते विरुद्ध आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. फ्रँचायझी हे माल अधिकाधिक खपावा म्हणून दोघांनी मिळून केलेले नाते आहे आणि ते चालू असताना एकनिष्ठ राहण्याची अट वाजवी आहे, हा त्या निकालाचा गाभा. तो मला पटतो. कंपनीचे नाव वापरायचे आणि त्याच काउंटरवर प्रतिस्पर्ध्याचा माल विकायचा, हे चालू द्यावे असे कुणी म्हणणार नाही.

पटत नाही ती त्याआधीची, 1991 ची रेषा. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात गॅस वितरकाचा करार कंपनीने रद्द केला होता आणि लवादाने एजन्सी परत देण्याचा निवाडा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, करारातच तीस दिवसांच्या नोटिशीने तो संपवण्याची सोय आहे, म्हणजे तो स्वभावतःच संपवता येण्याजोगा आहे. असा करार विशिष्ट अनुतोष कायद्याखाली सक्तीने चालू ठेवता येत नाही, आणि रद्द करणे चुकीचे ठरले तरी भरपाई त्या तीस दिवसांच्या उत्पन्नाइतकीच. हा नियम आजही वितरण आणि फ्रँचायझीच्या वादांत पहिल्या तारखेलाच कंपनीचे वकील पुढे करतात. नोटिशीचे कलम तीस दिवसांचे आणि गुंतवणूक पाच वर्षांत फिटणारी असेल, तर या नियमाने पाच वर्षांच्या भांडवलाला एका महिन्याचे मोल दिले जाते. नोटीस देण्याचा हक्क दोघांना सारखा आहे, असे म्हणता येईल. पण कंपनी नोटीस देते तेव्हा तिचे एक दुकान कमी होते. दुकानदार नोटीस देतो तेव्हा त्याच्या गळ्यात गाळ्याचा भाडेकरार, बँकेचा हप्ता आणि दुसऱ्या कुणाला न विकता येणारे फर्निचर तसेच राहते.

करार संपल्यानंतर मात्र भारतीय कायदा चक्क दुकानदाराच्या बाजूने उभा राहतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. करार संपल्यावर दोन वर्षे, दहा किलोमीटरच्या परिघात तसलाच धंदा करायचा नाही, असे कलम जवळपास प्रत्येक करारात असते. इंग्लंड-अमेरिकेत ते वाजवी असेल तर टिकते. आपल्याकडे कलम 27 मध्ये वाजवी-अवाजवी असा भेदच ठेवलेला नाही. चालत्या धंद्याचे नाव विकण्याचा अपवाद सोडला तर व्यवसायाला बंदी करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला (परसेप्ट डी’मार्क, 2006) याच मुद्द्याचा. व्यवस्थापन कंपनीशी करार संपल्यावरही नवा करार करण्याआधी आम्हालाच विचारायचे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही. तेव्हा पिझ्झ्याची पाटी उतरवून त्याच गाळ्यात स्वतःच्या नावाने पिझ्झा विकायला राजापेठेतल्या माणसाला कायद्याची आडकाठी नाही. पाटी मात्र खरोखर उतरवावी लागते. नाव, बोधचिन्ह, तशीच दिसणारी रंगसंगती ठेवली तर 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याने कंपनी त्याच आठवड्यात मनाई आणू शकते, आणि गोपनीय कृती वापरल्याचा दावा वेगळा. डिपॉझिट जप्त करण्याच्या कलमाचेही असेच. कलम 74 खाली ठरलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते दाखवावे लागते, हे कैलाशनाथ असोसिएट्स (2015) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणजे करारात लिहिले म्हणून आख्खे डिपॉझिट गिळता येत नाही.

हे हक्क कागदावर आहेत आणि ते बजावायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. अकोला-अमरावतीचे उच्च न्यायालय नागपूर खंडपीठ; अमरावतीहून दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटर. करारात मात्र ‘फक्त मुंबई’ किंवा ‘फक्त नवी दिल्ली’ असते. 2017 च्या इंडस मोबाइल विरुद्ध डेटाविंड प्रकरणात, जेथे मोबाइलचे वितरण होते, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लवादाचे आसन मुंबई ठरवले असेल तर व्यवहाराचा एकही धागा मुंबईत नसला तरी न्यायालय मुंबईचेच. पाच लाखांच्या डिपॉझिटसाठी मुंबईचा वकील, लवादाची फी आणि दर तारखेला विदर्भ एक्सप्रेस, हे गणित जमत नाही आणि कंपनीला ते पक्के ठाऊक असते. लवादाबाबत एक सुधारणा झाली आहे: कंपनीच्या संचालकानेच लवाद नेमायचा, ही जुनी पद्धत लवाद कायद्यातली 2015 ची दुरुस्ती आणि 2019 चा पर्किन्स ईस्टमन निकाल यांनी मोडीत काढली. व्यावसायिक न्यायालय कायद्यातली दाव्याची किमान रक्कम 2018 मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली, तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर आधी मध्यस्थीला जाणे सक्तीचे झाले. तरीही छोट्या वादाला घराजवळचे दार मिळाले नाही. स्पर्धा कायद्याचा उपयोगही नावापुरता. माल आमच्याकडूनच घ्या, आम्ही म्हणू त्या भावाने विका, अशा अटी कलम 3(4) मध्ये मोडतात. पण स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम झाला हे दाखवावे लागते. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका चहाच्या दुकानाने देशातल्या चहाच्या बाजारावर परिणाम झाल्याचे सिद्ध करायचे, ही कल्पनाच गमतीची आहे.

असमान करारांचा सर्वात मोठा अनुभव वऱ्हाडाने घेतला तो दुकानांत नव्हे, शेतात. बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. महिको-मॉन्सॅन्टो बायोटेकने देशी बियाणे कंपन्यांशी उपपरवान्याचे करार केले: सुरुवातीला 50 लाख आणि मग 450 ग्रॅमच्या प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञानाचे शुल्क. नाव वेगळे असले तरी सांगाडा फ्रँचायझीचाच, प्रवेश शुल्क, विक्रीशी बांधलेली रॉयल्टी, प्रतिस्पर्ध्याशी व्यवहारावर बंधने आणि करार रद्द करण्याचा एकतर्फी हक्क. शुल्काचा भार शेवटी अकोट-दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या पाकिटावर पडला. 2015 मध्ये शुल्क थकले म्हणून मॉन्सॅन्टोने नुजिवीडू ही बियाणे कंपनी आणि तिच्या सहयोगी कंपन्यांचे करार रद्द केले. 2016 च्या फेब्रुवारीत स्पर्धा आयोगाने या करारांतल्या अटी सकृतदर्शनी जाचक मानून चौकशीचा आदेश दिला. मार्चमध्ये केंद्राने शुल्क पाकिटामागे 49 रुपयांवर आणले. आणि मे महिन्यात असे करार कोणत्या अटींवर व्हावेत याचा नमुनाच अधिसूचित केला. परवाना नाकारता येणार नाही, पहिली पाच वर्षे शुल्क कमाल किरकोळ किमतीच्या दहा टक्क्यांच्या आत, अशा त्यातल्या अटी. आठवड्याभरात अधिसूचना मागे घेऊन मसुदा म्हणून हरकतींसाठी ठेवली गेली. मार्च 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी करार रद्द करणे सकृतदर्शनी बेकायदा ठरवून ते पुन्हा चालू केले, कारण सरकारी दराप्रमाणे शुल्क बदलेल असे कलम करारातच होते. खंडपीठाने या तंत्रज्ञानावरचे मॉन्सॅन्टोचे पेटंटच रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तो निकाल बाजूला सारून एकल न्यायमूर्तींचा आदेश परत आणला, आणि 2021 मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. या लांबलचक कथेतून दोन गोष्टी हाती येतात. शेकडो कोटींची उलाढाल असलेली बियाणे कंपनी असेल तर रद्द झालेला करारही पुन्हा जिवंत होऊ शकतो. आणि सरकारला मनात आणले तर खासगी परवाना करारात हात घालता येतो, पण किंमत आणि अटी थेट ठरवायला गेले की त्याला सात दिवसांत माघारही घ्यावी लागते. म्हणूनच माझा भर अटी ठरवणाऱ्या कायद्यापेक्षा माहिती द्यायला लावणाऱ्या कायद्यावर आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की खोटे सांगून सही घेतली तर करार कायदा आहेच. कलम 17 चे कपट, कलम 18 चे चुकीचे निवेदन आणि कलम 19 प्रमाणे करार रद्द करण्याचा हक्क. आक्षेप वजनदार वाटतो, पण कलम 17 खालचे स्पष्टीकरण वाचल्यावर त्यातली हवा जाते. बोलण्याचे कर्तव्य नसेल तर नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे ते स्पष्टीकरण सांगते. गेल्या तीन वर्षांत आमची किती दुकाने बंद पडली, अमरावतीत याआधी दोघांनी हीच फ्रँचायझी घेऊन सोडली का, कंपनीवर किती दावे चालू आहेत, हे न विचारता सांगायला कंपनी बांधील नाही. पुढे कलम 19 चा अपवाद म्हणतो की साध्या दक्षतेने खरे कळू शकले असते तर अशा मौनाच्या जोरावर करार रद्द करता येत नाही. आणि तोंडी सांगितलेले ‘अठरा महिन्यांत पैसे वसूल’ हे वाक्य करारातल्या शेवटच्या कलमाने पुसले जाते: या लेखाबाहेर कोणतेही आश्वासन दिलेले नाही. पोलिसांकडे गेले तर ते दिवाणी बाब म्हणतात, आणि सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू नसेल तर करारभंग हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालय अनेकदा सांगत आले असल्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते. म्हणजे बोलण्याचे कर्तव्य कायद्याने घातले नाही तोवर कलम 17 फ्रँचायझीच्या कामाचे नाही. मुख्य मागणी आहे ती त्या कर्तव्याचीच.

एक प्रकार इथे वेगळा काढला पाहिजे. दुकानासाठी पैसा तुमचा, चालवणार कंपनी, आणि दरमहा ठरावीक रक्कम ‘हमी’ने खात्यात, अशी योजना हल्ली ‘फोको’ या नावाने विकली जाते. पैसे देणारा धंदा करत नाही, नफ्यातोट्यात त्याचा वाटा नाही. मग तो फ्रँचायझी कसला, ठेवीदारच. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा आहे आणि त्यातली ‘ठेव’ किती व्यापक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सिक्स्टीथ्री मून्सच्या प्रकरणात दाखवून दिले. करारावर फ्रँचायझी लिहिले म्हणून व्यवहाराचे सार बदलत नाही. हमी उत्पन्न देऊ करणाऱ्या करारांकडे जिल्हा प्रशासनाने आणि आर्थिक गुन्हे शाखेने पैसे बुडण्याआधी याच कायद्याच्या नजरेतून पाहायला हवे.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांकडूनच येतो: धंदा करणारा माणूस लहान मूल नाही, त्याने चौकशी करावी. चौकशी त्याने करावीच. पण चौकशीला आकडे लागतात आणि ते फक्त समोरच्याकडे असतात. महावितरणने वीजवितरण फ्रँचायझीला दिले तेव्हा निविदा निघाल्या, त्या भागात किती वीज जाते, गळती किती, वसुली किती हे आकडे बोली लावणाऱ्यांसमोर होते. एवढे असूनही 2007 च्या भिवंडीच्या प्रयोगानंतर जी शहरे दिली गेली, त्यातले औरंगाबाद 2014 मध्ये, जळगाव 2015 मध्ये आणि नागपूर 2019 मध्ये महावितरणकडे परत आले. आकडे हातात असलेल्या, वकिलांच्या फौजा बाळगणाऱ्या कंपन्यांचे अंदाज चुकतात, तिथे आकड्यांवाचून सही करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला ‘चौकशी का केली नाही’ विचारणे फारसे न्यायाचे नाही.

जगाने यावर काय केले? अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम 1979 पासून आहे. सही किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी तेवीस बाबींचे माहितीपत्र द्यावे लागते. त्यात चालू दावे, किती दुकाने उघडली-मिटली, आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा साधायचा हेही असते. फ्रान्सने 1989 मध्ये वीस दिवस ठरवले, ऑस्ट्रेलियाने 1998 मध्ये आचारसंहिता आणली आणि सहीनंतरही मन बदलायला मुदत दिली. चीनचा 2007 चा नियम आपल्याला सर्वात उपयोगी वाटतो: स्वतःची निदान दोन दुकाने वर्षभराहून अधिक चालवल्याशिवाय फ्रँचायझी विकता येत नाही. एका शहरात एक दुकान गर्दीने भरले की सहा महिन्यांत ‘महाराष्ट्रभर फ्रँचायझी देणे आहे’ची पत्रके निघतात, त्यांना ही एक अट पुरे. एवढ्या कागदपत्रांच्या धाकाने मोठे ब्रँड अकोल्याला येणारच नाहीत, अशी भीती दाखवली जाते. पण या देशांत फ्रँचायझीचा धंदा आटला नाही, उलट फोफावला, आणि त्यातले बरेच मोठे ब्रँड तिथे हे माहितीपत्र दरवर्षी भरतातच. ओझे होईल ते लहान, प्रामाणिक मराठी ब्रँडला. त्याच्यासाठी दोन पानांचा सोपा नमुना आणि ठरावीक रकमेखालच्या व्यवहारांना सूट ठेवता येते. माहिती दिली तरी लोक वाचणार नाहीत, हेही खरे आहे. पण खोटी माहिती लेखी दिली की कलम 17 आणि 18 आपोआप जागे होतात, आणि न वाचणाऱ्यालाही पुढे तो कागद कोर्टात दाखवता येतो.

कायदा केंद्रानेच करायला हवा असेही नाही. करार हा विषय संविधानाच्या सातव्या परिशिष्टातल्या समवर्ती सूचीत, सातव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राने ठेवीदारांसाठी 1999 मध्ये आणि कापूस बियाण्यांसाठी 2009 मध्ये स्वतःचे कायदे केलेच आहेत. फ्रँचायझी माहितीपत्राच्या कायद्याला चार तरतुदी पुरतील: ठरलेल्या नमुन्यातली मराठी माहिती, सही आणि पैसे यांच्या आधी चौदा दिवस, गुंतवणूक फिटण्याच्या मुदतीशी जोडलेली नोटीस किंवा न फिटलेल्या भांडवलाची भरपाई, आणि दुकान ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्यात मध्यस्थी. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची संमती लागेल, पण तो मार्ग राज्याने पूर्वीही वापरला आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या एखाद्या आमदाराने हा मसुदा अशासकीय विधेयक म्हणून तरी तिथे मांडावा. तोवर फ्रँचायझी घ्यायला निघालेल्याने चौदा दिवस स्वतःच मागून घ्यावेत, बंद पडलेल्या दुकानांची यादी कंपनीकडून लेखी मागावी, आणि ती मिळाली नाही तर सही करू नये.